टाक्याचा दोरा

खिडकीबाईंनी ओळख काढली होती. साधीसुधी नव्हे, चांगली घसघशीत. बस डेपोच्या तिकीट खिडकीत उभं आयुष्य काढलेल्या बाईला ओळखी शोधत हिंडावं लागत नाही. अर्धं शहर कधी ना कधी तिच्यासमोर वाकून "बाई, पुढची सीट द्या ना" म्हणून गेलेलं असतं. मॅटर्निटी होमच्या मोठ्या मॅडमसुद्धा कॉलेजात असताना दर शनिवारी याच खिडकीवर वाकत असत. त्यामुळे लेकीला घेऊन तिचं नाव घालायला खिडकीबाई गेल्या तेव्हा मॅडम खुर्चीतून उठल्या, "अय्या काकू, तुम्ही!" म्हणाल्या आणि चहा मागवला. खिडकीबाईंना धन्य धन्य वाटलं. आता कसली काळजी नाही, असं त्या पुढचे काही दिवस जिला तिला सांगत सुटल्या होत्या.

ठमीनं मात्र त्या पहिल्याच भेटीत चहात माशी टाकली. ठमी म्हणजे त्यांची एकुलती एक लेक. खरं नाव शाळेच्या दाखल्यावर, घरीदारी ठमीच. ती टेबलावर दोन्ही हात ठेवून मॅडमना म्हणाली, "माझं दुसरं काही म्हणणं नाही. दोनच गोष्टी. मला पाठीवर झोपवून पाय टांगून ठेवायचं नाही. आणि मला विचारल्याशिवाय कापायचं नाही. बाळाच्या जिवावर बेतलं तर गोष्ट वेगळी, तेव्हा खुशाल कापा, पण तेही सांगून."

मॅडम हसल्या. "हो हो. बघू."

खिडकीबाईंनी चहाचा कप तोंडाला लावला. 'बघू' म्हणजे काय ते त्यांच्याइतकं त्या खोलीत कुणालाच ठाऊक नव्हतं. हजारदा त्यांनीच म्हटलेला शब्द. सीट नाहीच हे पक्कं माहीत असतं, पण समोरच्याला लवकर बाजूला करायचं असतं, तेव्हा खिडकीतून म्हणतात, बघू.

ठमी हे सगळं तिकडून शिकून आली होती. पहिल्या खेपेला ती नवऱ्याच्या नोकरीपायी तिकडे होती. तिकडे म्हणजे विमानात अख्खा दिवस पाय आखडून बसल्यावर येतं तिथे. खिडकीबाई मोठ्या हौसेनं बाळंतपण करायला गेल्या आणि पोचल्या पोचल्या त्यांना कळलं की तिकडे धडधाकट बाईचं बाळंतपण डॉक्टर करतच नाही. सुईण करते.

"सुईण?" खिडकीबाई किंचाळल्याच होत्या. "अगं, माझी आजी बाळंत झाली तेव्हा सुईण होती! एवढं विमानात बसून आपण पुढे आलो की मागे गेलो?"

ती सुईण आली तर तीही तरणीताठी, दंडावर भलामोठा पक्षी गोंदलेला. खोली दिवाणखान्यासारखी. मंद दिवा, खाली जाड गादी, कोपऱ्यात गरम पाण्याचा टब. उंच टेबल नाही, पाय अडकवायच्या लोखंडी कड्या नाहीत, ट्रेमध्ये खणखणणाऱ्या कात्र्या नाहीत. सुईण जमिनीवर फतकल मारून बसली. मधूनच उठायची, "हात लावू का?" विचारायची, आणि ठमी हो म्हणाली तरच तपासायची. एकदा ठमी कळेच्या भरात "आत्ता नको" म्हणून ओरडली, तर ती बया खरोखरच थांबली. खिडकीबाईंच्या जिवाचं पाणी पाणी झालं. जावयाच्या कानाशी लागून त्या पुटपुटल्या, "बाळंतिणीला काय विचारत बसायचंय? ही काय सिनेमाला निघालीय?" तो ठमीला मागून आधार देऊन बसला होता आणि त्याच्या मनगटावर तिची नखं रुतली होती. शेवटी ठमी स्वतःच वळून गुडघ्यांवर आली, सगळी इमारत दणाणेल अशी ओरडली, आणि बाळ झालं. सुईणीनं सगळं तपासलं आणि अंगठा वर केला. एक टाका नाही.

हे सगळं खरं, पण तिकडे सगळंच सोन्याचं होतं असंही कुणी समजू नये. त्याच संध्याकाळी त्यांनी ठमीला बाळासकट घरी पाठवून दिलं, भाजी घेऊन निघाल्यासारखं. पुढे खिडकीबाईंच्या व्हिसाची मुदत संपली, त्या परतल्या, जावई कामावर जायला लागला, आणि ठमी चार भिंतींत एकटी. छाती दगडासारखी झाली, ताप आला, तरी दवाखान्यात फोन लावला की बराच वेळ गाणं वाजायचं आणि मग कुणीतरी गोड आवाजात सांगायचं की पाणी भरपूर प्या. ती महिनोन् महिने रडत होती. खिडकीबाईंना ते इथे बसून फोनवर ऐकावं लागलं. त्या तेव्हापासून म्हणायच्या, तिकडे विचारतात पुष्कळ, येत कुणी नाही.

म्हणून दुसऱ्या खेपेला ठमी थोरल्याला घेऊन सरळ माहेरी आली. जावयाला रजा मिळाली की तो मागून येणार होता. ठमीचा हिशेब साधा होता. बाळंतपण तिकडच्यासारखं, आणि नंतरचं सगळं आईच्या हातचं. "आई, तू फक्त माझ्या बाजूनं उभी राहा," ती म्हणाली होती. "कळा सुरू झाल्या की मला भांडता येत नाही. माझं भांडण तू कर."

"मी आहे ना," खिडकीबाई म्हणाल्या होत्या. त्यांच्या आवाजाला डेपोतले ड्रायव्हर चळाचळा कापत. तिथे एक डॉक्टरीण ती काय.

ठमी सकाळची भांडी आवरत होती तेवढ्यात तिची पाण्याची पिशवी फुटली. नातवाला आजोबांच्या हवाली करून मायलेकी रिक्षानं मॅटर्निटी होमला आल्या. तिथे आयाबाईनं ठमीला चाकाच्या खुर्चीत घातलं आणि दारातून आत ओढलं. ठमीनं मान वळवून "आई" म्हटलं, आणि दार लागलं. दुधी काचेचं दार, त्यावर लाल अक्षरात पाटी, नातेवाइकांना सक्त मनाई. बाहेर एक पत्र्याची खुर्ची.

"मी आत येते," खिडकीबाई दारावर टकटक करून म्हणाल्या. "मॅडमची ओळख आहे."

दार वीतभर उघडलं. त्या फटीतून सिस्टरचा अर्धा चेहरा दिसला. "आजी, ओळख सगळ्यांचीच असते. तुम्ही इथे बसा, हलू नका. सामान लागेल ते आणून द्यायला माणूस पाहिजे."

आणि खरोखरच त्या संस्थेत तशीच रीत होती. आत काहीही लागलं की दार वीतभर उघडायचं, सिस्टर म्हणायची "तीन नंबरबरोबर कोण आहे?", आणि बाहेरच्यानं जिना उतरून खालच्या औषधाच्या दुकानातून ते आणायचं. तीन नंबर म्हणजे ठमीची खाट. हातमोजे आणा. कापसाचं बंडल आणा. सलाईनची बाटली आणा, नळीसकट आणा. नळी राहिली, परत जा. खिडकीबाईंचे गुडघे कुरकुरत होते, पण त्या पळत होत्या. प्रत्येक वेळी त्या विचारायच्या, "कशी आहे हो?" आणि फट बंद होता होता उत्तर यायचं, "बरी आहे." पळताना त्यांना बरंही वाटत होतं, काहीतरी उपयोग होतोय असं. तिकडे तर त्यांना नुसतं कोपऱ्यात बसवून ठेवलं होतं आणि वर बिस्किटं दिली होती.

फक्त एक गोष्ट त्यांच्या मनाला टोचत होती. आतून ठमीचा आवाज येत नव्हता. तिकडे ती घसा फुटेस्तोवर ओरडली होती. इथे काहीच नाही. एकदाच, दार उघडलं तेव्हा, आयाबाईचं बोलणं कानावर पडलं, "तोंड मिटून जोर लाव, बाजूला पेशंट आहेत."

मग दार परत उघडलं. "तीन नंबर. टाक्याचा दोरा आणा, दोन पाकिटं. पटकन."

खिडकीबाई पळाल्या. कठड्याला धरून एकेक पायरी घाईघाईनं उतरत दुकानापाशी पोचल्या, धापा टाकत म्हणाल्या, "टाक्याचा दोरा द्या हो. दोन पाकिटं. लवकर द्या."

"नॉर्मल की सीझर?" दुकानदारानं विचारलं.

"नॉर्मल."

त्यानं मागे न बघता हात वळवला आणि दोन पाकिटं काउंटरवर टाकली. तयारच होती ती. खिडकीबाईंनी ती उचलली, वळल्या, आणि परत फिरल्या.

"नॉर्मल आहे, तर टाके कशाला?"

दुकानदारानं त्यांच्याकडे कौतुकानं बघितलं, नवखं गिऱ्हाईक आलं की बघतात तसं. "काकू, इथे नॉर्मल म्हणजे टाक्यांसकटच. थोडं कापतात, मोकळं करतात, मग शिवतात. कळा वाढल्या की वरून दोरा मागवतात, म्हणून मी आधीच काढून ठेवतो."

"प्रत्येकीला?"

"सरसकट," तो म्हणाला. दुकान कसं चोख चालवतो आपण, असा भाव होता त्याच्या तोंडावर.

खिडकीबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या तशाच उभ्या राहिल्या, पाकिटं मुठीत. दुकानदाराचा राग आला, पण तो बिचारा काय, विकणारा. सिस्टरचा आला. मॅडमचा आला, त्यांच्या त्या चहाचा आणि त्या 'बघू'चा आला. आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा आला. हातमोजे मागितले, धावलो. कापूस मागितला, धावलो. आता पोटच्या पोरीला कापायचं सामान मागितलं तरी आपण धावतच आलो, वर "लवकर द्या" म्हणून घाई करतोय. काय समजून पळत होतो आपण? तिनं एकच काम सांगितलं होतं, भांडायचं. आणि आपण हमाली करत बसलो.

त्या जिना चढायला लागल्या. मधल्या चौकात थांबल्या, कारण एक भयंकर विचार मनात आला होता. कापून झालं असलं तर? मग ती तशीच उघडी पडली असेल, आणि दोरा आपल्या हातात. तर मग भांडण गेलं खड्ड्यात, आधी दोरा द्यायचा. पण कापायचं बाकी असेल तर? दोरा आत नाही म्हणून तर मागवलाय. शिवायला काही नसेल तर कोणती शहाणी बाई आधी कापून ठेवेल? खिडकीबाई उरलेल्या पायऱ्या चढल्या आणि त्यांनी दारावर मूठ आपटली.

फट उघडली. सिस्टरचा हात बाहेर आला. "द्या."

"आधी सांगा. कापलंय?"

"अजून नाही. मॅडम येतायत ओपीडीतून. द्या ना आजी."

"मग नाही देत."

सिस्टरचा हात तसाच हवेत राहिला. मग अर्धा चेहरा पूर्ण झाला. "काय म्हणालात?"

"दोरा माझ्याकडे आहे आणि मी देणार नाही. तिनं सांगितलंय, विचारल्याशिवाय कापायचं नाही. विचारलंत तिला?"

"आजी, पेशंटला काय विचारायचं असतं?" सिस्टर म्हणाली.

हे वाक्य तिकडे आपल्याच तोंडून निघालं होतं हे खिडकीबाईंना चांगलं आठवलं, आणि त्यांचं डोकं आणखीच फिरलं. "विचारायचं असतं! तिचं अंग आहे ते, तुमचं नाही आणि माझंही नाही!"

"मी दुसरं मागवते."

"कुणाला पाठवून? तीन नंबरबरोबर मीच आहे."

सिस्टरनं आयाबाईला हाक मारली, आयाबाईनं हात वर केले की मी खाट सोडून कशी जाऊ. खिडकीबाई उंबऱ्यात पाय देऊन उभ्या राहिल्या. दाराची ती फट म्हणजे खिडकीच होती, फक्त आज त्या तिच्या उलट्या बाजूला होत्या. आणि खिडकीत बसणाऱ्याचं मर्म त्यांना पाठ होतं. शिव्या दिल्या तर खिडकी आपटून बंद करता येते. रडलं तर दया दाखवून वाटेला लावता येतं. साहेबाकडे जातो म्हटलं तर खुशाल जा म्हणता येतं. पण समोरचा माणूस नुसता उभाच राहिला, हललाच नाही, तर खिडकी काही करू शकत नाही.

तेवढ्यात पॅसेजमधून चपला वाजवत मॅडम आल्या. "काय गोंधळ आहे? काकू, तुम्ही बाजूला व्हा बघू."

"मॅडम, बाळाला धोका आहे का?"

"काय?"

"सरळ सांगा. बाळाला किंवा माझ्या मुलीला आत्ता धोका आहे का? आहे म्हणालात तर हा घ्या दोरा, तुमच्या पाया पडते आणि खाली जाऊन बसते."

मॅडमनी सिस्टरकडे बघितलं. सिस्टर म्हणाली, "ठोके चांगले आहेत. डोकं खाली आलंय."

मॅडमना खोटं बोलता आलं असतं. त्या बोलल्या नाहीत, एवढं त्यांच्या बाजूनं म्हणायला हवं. "धोका नाही," त्या म्हणाल्या. "पण पद्धत आहे ही. कापलं की बाळ झटकन येतं. नाहीतर वेडंवाकडं फाटतं, आणि मग बोंब मारायला तुम्हीच येता. काकू, मी दिवसाला किती बाळंतपणं करते ठाऊक आहे? खाली ओपीडी भरलीय, आत खाट अडलीय, आणखी दोघी येतायत. प्रत्येकीपुढे हात जोडून बसले तर..."

"म्हणजे घाई आहे म्हणून कापायचं."

"असं नाही मी म्हणाले."

"आत्ता असंच म्हणालात!" खिडकीबाईंचा आवाज पार जिन्यापर्यंत गेला. खालच्या मजल्यावर कुणीतरी मान वर करून बघितलं. "तिकडे तिचं पहिलं बाळंतपण झालं तेव्हा एक टाका पडला नाही. हीच मुलगी, हेच अंग. पहिल्याला नाही लागलं ते दुसऱ्याला कशाला लागतं?"

"तिकडची थेरं इकडे आणू नका, काकू. तिकडे एका बाईमागे एक नर्स असते. इथे मला एकटीला चार खाटा सांभाळायच्या असतात. तुम्ही मला खाटा द्या, माणसं द्या, मग मीही बसते गादीवर मांडी घालून!"

हे बोलताना मॅडमचाही आवाज फाटला होता. त्या थकलेल्या होत्या, डोळ्यांखाली काळं झालं होतं, आणि खिडकीबाईंना ते दिसलं नाही असं नाही. दुसरी एखादी वेळ असती तर त्यांनी मॅडमना खाली बसवून पाणी दिलं असतं. पण आज त्यांची लेक आत होती. "ते तुम्ही सरकारशी भांडा," त्या म्हणाल्या. "मीही येते पाहिजे तर. पण खाटा नाहीत म्हणून माझ्या मुलीला कापायचं नाही."

आणि चपला दाराबाहेर काढून त्या सरळ आत शिरल्या.

ठमी उंच टेबलावर उताणी पडली होती. पाय वर, लोखंडी कड्यांत, पट्ट्यांनी बांधलेले. एका हातात सलाईन. केस घामानं कपाळाला चिकटलेले आणि खालचा ओठ दातांत धरून धरून सुजलेला. ओरडू नको म्हणून सांगितलं होतं ना तिला. तिनं दाराकडे बघितलं. तिला आई दिसली, आईमागे मॅडम दिसल्या, आणि आईच्या मुठीत पाकिटं दिसली. तिचा चेहरा असा पडला की खिडकीबाईंना तो जन्मात विसरता येणार नाही.

"आई, तू पण?" ती म्हणाली.

"नाही गं बाळा, नाही." खिडकीबाईंनी पाकिटं कमरेला खोचली आणि पट्टीला हात घातला. बक्कल घट्ट होतं. सिस्टर ओरडली, "अहो, बेल्ट सोडू नका, पडेल ती!" खिडकीबाईंनी दातओठ खाऊन बक्कल ओढलं. "पडत नाही. मी धरलंय."

एक पाय सुटला. दुसऱ्या पायाला हात घालायला गेल्या तर तिथे मॅडमचा हात होता. मॅडमनी स्वतःच पट्टी सोडली, चेहरा कडू करून. "सिस्टर, सलाईन सांभाळा. होऊ द्या यांच्या मनासारखं. काही झालं तर माझ्याकडे यायचं नाही."

"सगळ्यांत आधी तुमच्याकडेच येईन," खिडकीबाई म्हणाल्या. "डॉक्टर तुम्ही आहात, मी नाही."

ठमी कुशीवर वळली, मग गुडघ्यांवर आली. तिनं दोन्ही हात आईच्या गळ्यात टाकले आणि सगळा भार तिच्यावर सोडला. खिडकीबाईंची कंबर मोडायची वेळ आली. "ओरडू का?" ठमीनं त्यांच्या कानात विचारलं. चांगली पोक्त बाई, एका मुलाची आई, आणि ती ओरडायची परवानगी मागत होती! खिडकीबाईंच्या डोळ्यांत पाणीच आलं रागानं. "ओरड," त्या म्हणाल्या. "छप्पर उडू दे यांचं."

ठमी ओरडली. आयाबाईनं कानांवर हात नेले. मॅडम ठमीच्या मागे होत्या, त्यांनी कमरेत ताठ उभं राहायची सवय सोडून चक्क एक गुडघा टेकला होता, कारण त्याशिवाय त्यांना दिसत नव्हतं. "हळू," त्या म्हणत होत्या, "आता जोर नको, फुंकर मार, फुंकर. हां. आलं, आलं." हे त्यांना येत होतं. सगळं येत होतं त्यांना. आणि बाळ त्यांच्या हातात आलं, निळसर, चिकट, मग एकदम लाल होऊन टॅहां करणारं. मुलगी.

ठमीला वळवून बसवलं, बाळ तिच्या छातीशी दिलं. वार पडली. मॅडमनी दिवा खाली ओढून तपासलं आणि त्यांच्या आवाजात थोडी ऐट आली. "बघा. फाटलंच. म्हटलं नव्हतं मी?"

"किती?" खिडकीबाईंनी विचारलं.

"दोन टाके."

"आणि कापलं असतं तर?"

"पाच-सहा. आतले वेगळे," मॅडम म्हणाल्या. "द्या आता तो दोरा."

खिडकीबाईंनी कमरेची पाकिटं काढली. देणार, एवढ्यात त्यांनी ट्रेकडे बघितलं. सुई होती, चिमटा होता. "बधिर करायचं इंजेक्शन कुठाय?"

"दोन टाक्यांना कोण इंजेक्शन देतं?" सिस्टर म्हणाली. "आत्ता तर बाळ काढलंय तिनं. दोन टाके काय एवढे?"

ठमीनं बाळावरची नजर उचलून आईकडे बघितलं. तिच्यात आता भांडायचं बळ नव्हतं.

"रक्त वाहतंय का?" खिडकीबाईंनी मॅडमना विचारलं.

"नाही. थोडा वेळ थांबलं तर चालेल."

"मग हा दोरा मी बरोबर घेऊन जाते," खिडकीबाई म्हणाल्या, "आणि इंजेक्शन घेऊन येते. तोवर तिला सुई लावायची नाही." आणि अनवाणीच त्या जिना उतरल्या. दुकानदारानं त्यांचे रक्ताचे डाग पडलेले कपडे बघितले, अनवाणी पाय बघितले, आणि काही न विचारता इंजेक्शन काढून दिलं. मागितल्यावर मिळत होतं ते. इतका वेळ त्याच दुकानात, त्याच फळीवर पडून होतं. हे कळल्यावर खिडकीबाईंना तिथल्या तिथे त्या फळ्या खाली ओढाव्याशा वाटल्या.

त्या परत आल्या. मॅडमनी औषध सिरिंजमध्ये भरलं. सुई धरून त्या खाली वाकल्या, आणि वाकता वाकता थांबल्या. कशामुळे कोण जाणे, कदाचित काकू परत ओरडतील म्हणून. ठमीकडे बघून म्हणाल्या, "टोचते आता. चालेल?"

"जरा थांबा," ठमी म्हणाली. "हिला नीट धरू दे."

मॅडम थांबल्या. ठमीनं बाळाची मान कोपरात घेतली, पाय पोटाशी घेतले, श्वास सोडला. "हं. टोचा."

खिडकीबाई भिंतीला टेकून हे बघत होत्या. एवढंच होतं तर. एक शब्द विचारायचा आणि उत्तर येईपर्यंत थांबायचं. त्याला परदेशी टब लागत नव्हता, जादा खाट लागत नव्हती, जादा माणूस लागत नव्हता. श्वास घेऊन सोडण्याएवढासुद्धा वेळ लागला नाही. खरं म्हणजे आता राग शांत व्हायला हवा होता, लेक सुखरूप होती, नात टकामका बघत होती. पण तो उलट वाढायलाच लागला. जे इतकं स्वस्त आहे तेही द्यायचं नाही म्हणजे काय? आणि त्यासाठी एका म्हातारीनं उंबऱ्यात पाय रोवून उभं राहायचं?

टाके झाले. ठमीला कळलंही नाही कधी झाले ते. सिस्टरनं तिच्या अंगावर चादर घातली, मॅडम बेसिनकडे हात धुवायला गेल्या. ठमीनं आईला जवळ बोलावलं. तिच्या आवाजात आता झोप होती.

"आई, माझ्या वेळी तुला किती टाके होते गं?"

खिडकीबाईंनी तोंड उघडलं. कुठली गाडी कुठल्या स्टँडवर लागायची हे त्यांना अजून झोपेतही सांगता आलं असतं. हे सांगता येईना.

"माहीत नाही," त्या म्हणाल्या.

"माहीत नाही म्हणजे?"

"म्हणजे कुणी सांगितलं नाही. माझे पायही असेच बांधले होते, त्यामुळे दिसलं नाही काही. नुसता कात्रीचा आवाज आला. मला वाटलं, बाळ झालं की तसं होतच असेल. मग कितीतरी दिवस मला बसता येत नव्हतं. रजा संपल्यावर मी खिडकीत एका अंगावर कलून बसायची आणि तिकिटं फाडायची, आणि रांगेतले लोक म्हणायचे, बाईंचा तोरा बघा, सरळ बसत पण नाहीत."

ठमीला हसू आलं, आणि मग ते तिच्या तोंडावरून गेलं. बेसिनचा नळ बंद झाला होता. मॅडम ओले हात तसेच धरून पाठमोऱ्या उभ्या होत्या.

"तुला राग नाही आला?" ठमीनं विचारलं.

"तेव्हा नाही आला. यात राग येण्यासारखं काही असतं, हेच मला कुणी शिकवलं नव्हतं." खिडकीबाईंचा आवाज चढत गेला, पडद्यापलीकडच्या खाटेवर कण्हणारी बाईही ऐकायला थांबली. "आत्ता आलाय. तेव्हापासूनचा सगळा एकदम आलाय. आणि सिस्टर, तुम्ही माझ्याकडे अशा बघू नका. मी आज गप्प बसणार नाही."